राहिलेली बाही

नातवासाठी लोकर घेताना पिवळी लडी हातात आली आणि नरडाण्याचं घर आठवलं. थोरली बहीण, अक्का, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ जन्मलं आणि दुसऱ्याच दिवशी गेलं. त्याच्यासाठी ती विणत असलेल्या स्वेटरची एक बाही राहिली होती. आईनं सुया लपवून ठेवल्या.

त्याच आठवड्यात एका दुपारी अक्कानं त्या शोधून काढल्या. दुधानं भरून आलेली छाती फडक्यानं बांधून ती विणायला बसली.

“ऱ्हाऊ दे, बेटा,” आई म्हणाली.

“अर्धं कसं ठेवू, माय? त्याचंच शे ना ते.”

बाही पुरी झाल्यावर तिनं स्वेटर मांडीवर पसरला आणि पहिल्यांदाच मोठ्यानं रडली. तिला वेड लागलं असं वाटून मी बाहेर पळाले. पुढं मी आई झाले तेव्हा कळलं, बाळासाठी करण्यासारखं तेवढंच तिच्या हाती उरलं होतं.