सदाची माळ

अण्णा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी इंद्रायणीवर धुणं धूत होते. सख्खा थोरला भाऊ. पण डोळ्यांना पाणी यायच्या आधी मनात आलं, आता सदाची माळ कोण घालणार?... त्याला दीड महिना झाला.

माझे मालक वारल्यावर मला आणि माझ्या सदाला मोशीला आणलं ते अण्णानेच. तो कीर्तन करायचा. पायाखाली मुंगी आली तरी हळहळायचा. सदा सात वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या गळ्यात तुळशीची माळ त्यानेच घातली.

पुढे गोव्यात निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्याची बातमी आली आणि देवळात रोज एकच वाद, फौज पाठवावी की नाही. शाळेचे गुरुजी म्हणायचे, "अजून बोलणी करता येतील. पोरं मारून गोवा घ्यायचा, मग शांततेच्या गोष्टी कोणत्या तोंडाने सांगायच्या?" त्यावर कुणीतरी ओरडायचं, "गुरुजी, फिरंग्याला पाढे म्हणायला लावा, पळून जाईल!" सगळे हसायचे. बायकांत मागे बसलेल्या मला गुरुजींचं पटायचं. पण माझं तोंड उघडलं नाही.

सदाच्या डोक्यात भरतीचं शिरलं, तेव्हा मी अण्णाला गाठलं. म्हणाला, "येडी का काय तू, सखू? माळकऱ्याच्या हातात बंदूक? मी सांगतो त्याला." मी निर्धास्त झाले.

आणि एकादशीच्या कीर्तनात तो अर्जुनावर बोलला. "समोर अधर्म हाय आन् तू हात जोडून बसतो? ती दया न्हवं, भ्याडपणा हाय!" मग सदाला पुढे बोलावून सगळ्यांदेखत त्याच्या गळ्यातली माळ आपल्या हाताने काढली. "फौजेत खाणंपिणं पाळता यायचं न्हाई. परत आला की मीच घालीन." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. घरी विचारलं, तर म्हणाला, "देवापुढं तोंडात आलं ते खरं, सखू." म्हणजे माझ्यापुढे आलेलं खोटं...

स्वतःची माळ मात्र त्याने चितेवर जाईपर्यंत उतरवली नाही.

सदाची माळ वीणेशेजारच्या खुंटीवर होती. दिवस झाल्यावर वहिनीने ती माझ्या हातात दिली. दोरा नवा होता. अण्णाने ती कधी ओवली, वहिनीलाही ठाऊक नव्हतं. त्या नव्या दोऱ्याचा राग करावा की रडावं, मला अजून कळलेलं नाही.

काल सदाचं पत्र आलं. 'मामा गेले. आता माळेचं कसं?'

माळ समोर ठेवून उत्तराला बसले आहे. चौथीपर्यंतच शिकले, पण एवढं मला लिहिता येतं. 'ये. मी घालीन.'