चिकटपट्टी लावलेली कॅसेट

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कुवेतला नर्स होते. दीड वर्षाची लेक देवगडला सासूबाईंकडे ठेवून आले होते. तिथल्या फरवानिया भागातल्या खोलीत आम्ही चौघीजणी, आणि चौघींना धास्ती एकच, पोरं आपल्याला विसरतील. म्हणून कुणी सुट्टीवर निघाली की तिच्या बॅगेत आपला आवाज भरलेली कॅसेट द्यायची, अशी आमच्यात रीतच पडली होती.

आमच्या वॉर्डातल्या ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्टने नोकरी सोडताना मला एक कॅसेट दिली. त्याच्या गावच्या पोरांच्या रॉक बँडचा पहिला अल्बम. इंग्रजी गाणी मला कुठली कळायला! पण शुक्रवारी पडदे ओढून ती लावली की एसीची घरघर, बाहेरची पिवळी धूळ, सगळं लांब जायचं. गिटार इतकी संथ वाजायची की मी खाटेवर पडल्या पडल्या तरंगायचे. गाणारा कुणासाठी झुरत होता देव जाणे. मी आपली लेकीसाठी झुरायचे.

अशाच एका शुक्रवारी शेजारच्या खाटेवरची धावत आली. "अगं, तिकीट बदललं, आत्ताच निघतेय. कॅसेट दे पटकन!"

कोरी कॅसेट नाही. खालचा बकाला, म्हणजे वाण्याचं दुकान, नमाजासाठी बंद. मग काय, वॉर्डातली चिकटपट्टी त्या अल्बमच्या कडेच्या भोकांवर लावली, ती बुजवली की गाण्यांवरही आपला आवाज भरता येतो, आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. लेकीशी दोन शब्द बोलले, अंगाई म्हटली. "झोप गं माझी बाय," म्हणते तोच खाली टॅक्सीचा हॉर्न. पुढची गाणी पुसायची राहूनच गेली.

महिन्याभराने नवऱ्याचा फोन आला. हसत म्हणाला, "तुझी अंगाई संपते नि तुझा तो बँड सुरू होतो. आईने बंद केला तर पोरगी भोकाड पसरते. गिटार ऐकल्याशिवाय झोपतच नाही."

त्या गाणाऱ्याचा मला असा राग आला! मेल्या, नऊ महिने पोटात वाढवली मी, आणि झोपवतोस तू?

दोन वर्षांनी घरी गेले. लेक सासूबाईंच्या पदराआडून बाहेर येईना. बाहुली दाखवली, चॉकलेट दाखवलं. छे! "ही कोण?" म्हणाली. काळीज फाटलं माझं.

दुपारी जेवणं झाल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडले. रडू दाबायला म्हणून तीच अंगाई पुटपुटायला लागले. "झोप गं माझी बाय," इथवर आले आणि उशीत तोंड खुपसलं.

आणि पाठीमागून बारीक आवाज आला. "टँव... टँव टँव... टँऽव."

गिटार! कॅसेटमधली माझी अंगाई जिथे तुटायची, अगदी तिथूनच उचललेली. मी वळायचं धाडस केलं नाही. सूर संपला, चिमुकला हात माझ्या पाठीवर आला.

"आई, आता परत पहिल्यापासून."