वेगाची नस

जरीपटका वस्तीच्या मागं आमची एकच खोली होती. बाबा गिरणीत रातपाळी करायचे आणि दिवसा झोपायचे. आई दारात विड्या वळायची. बाबांची झोप मोडू नये म्हणून आम्ही भावंडं पाढेसुद्धा कुजबुजत म्हणायचो. त्या खोलीत बसून बी.एस्सी. होणं शक्य नव्हतं. मला वसतिगृहात जागा मिळाली, ती मी पळायचो म्हणून. अट साधी होती: विद्यापीठाच्या पंधराशे मीटरमध्ये पहिल्या तिघांत यायचं, नाहीतर पेटी उचलून घरी.

पायांत दम होता. पण रेषेवर उभा राहिलो की छाती धडधडायची, पोटात गोळा यायचा. सरावात तर अर्ध्या वाटेतच ओकलो. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं, "व्हेगस नर्व्ह" म्हणाले आणि तासाला निघून गेले.

खेळाच्या सरांनी ऐकलं 'वेगस'. "वेगाची नस! आखडली असंल. पायातच राहते ते!" लगेच पहिलवान बोलावला. त्यानं मोहरीच्या तेलानं पोटऱ्या अशा रगडल्या की मला जिना चढवेना. बाबांनी मोहल्लाभर सांगितलं, "माह्या पोराची वेगाची नस सापडली!" शेजारची मावशी पहिलवानाला विचारायला आली, "माह्या बुढ्याची बी पाहून देता का? लय हळू चालते."

शेवटी मी पुस्तक उघडलं. ही नस डोक्यातून निघते, मानेतून हृदयाकडं, पोटाकडं जाते. पायाकडं फिरकतसुद्धा नाही. आणि तिचं काम काय, तर हृदयाचा वेग कमी करणं!

"सर, ते तर ब्रेक आहे."

"ब्रेक? मंग काहून ठेवतं गा? काढून टाकू!"

पुस्तकात आणखी एक ओळ होती: श्वास सोडताना ठोके मंदावतात. मग मी रोज मैदानाच्या कडेला बसून लांब श्वास सोडू लागलो. पोरं म्हणायची, साधू झाला.

शर्यतीच्या दिवशी रेषेवर तेच करत होतो. सर बाहेरून ओरडले, "झोपून राहिला का बे?" तेवढ्यात पिस्तूल वाजलं. पहिली फेरी मी सगळ्यांच्या मागं, पण पोट शांत होतं. शेवटच्या फेरीत एकेकाला गाठत गेलो आणि तिसरा आलो. सरांनी हार आणला होता. तो त्यांनी पहिलवानाच्या गळ्यात घातला.

परीक्षेच्या हॉलमध्येही पेपर हातात पडला की आधी एक लांब श्वास सोडायचो. वसतिगृहातली जागा टिकली. मी बी.एस्सी. झालो, आमच्या घरातला पहिला.