लोकरीच्या पॅडवरचा लाल रंग

रहेमतुल्ला मिस्त्री आणि मी, दोघांनी उमेदीची सगळी वर्षं एकाच पत्र्याच्या शेडखाली काढली. खामगावात नांदुरा रोडला ती शेड आहे. मी डेंटर. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, हे माझं काम. त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी भरून, पेपरनं घासून, रंग मारून चकाकी आणायची, हे मिस्त्रींचं. माझे गुडघे गेले तेव्हा मी हातोडी ठेवली. तरी सकाळी शेडकडे जातो. घरी बसायची सवय नाही.

मिस्त्री पॉलिश हातानंच करायचे. कापडाची घडी, तिच्यावर चिमूटभर कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, आणि खांद्यापासून जोर. मनगटानं घासणाऱ्याला ते कामगारच मानत नसत. "मनगटानं भांडे घासतात," म्हणायचे. एक दरवाजा चकाकेपर्यंत सदरा पाठीला चिकटायचा. कडेला आणि पत्र्याच्या घडीच्या रेषेवर ते जास्त दाबायचे. गाडी लांबून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आधी रेषा भरते, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं.

त्यांना मुलगा एकच, कामरान. तो पुण्याला एका गॅरेजात राहून आला आणि येताना पॉलिशचं मशीन घेऊन आला. जाड दांडा, पुढे फिरणारी तबकडी, तिच्यावर लोकरीचं पॅड. मिस्त्रींनी ते शेडमध्ये लावू दिलं नाही.

"तो भोवरा घरी फिरव," ते म्हणाले.

"अब्बा, एकदा हातात तर घ्या. दाबायचं नाही. त्याचं वजनच पुरतं."

"दाबल्याशिवाय काम होते काय बे? मंग मेहनत कशाची?"

"मेहनत धरून ठेवण्यात आहे, अब्बा. अन् रेषांवर टेप लावायची. तिथं रंग पातळ असतो."

"टेप त्यानं लावावी ज्याले आपल्या हाताचा भरोसा नाही."

मी हसलो होतो. कामरानही हसला. भांडण असं ते कधी नव्हतंच. मशीन खोक्यात गेलं आणि खोकं फळीवर. त्यानंतर मिस्त्रींनी त्याला पहिली अख्खी गाडी एकट्याला रंगवायला दिली. उंद्रीच्या जानरावांची जुनी मारुती. लाल रंग. बापानं रंगाच्या गनला हात लावला नाही. बाहेर खाटेवर बसून राहिले आणि दर घटकेला मला आत पाठवलं, "पाह्य बरं, रंगाचा ओघळ आला का?" ओघळ आला नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात कामरान डेंगूनं गेला. दुसरी गाडी त्यानं रंगवलीच नाही.

त्यानंतर मिस्त्री कामावर येत राहिले. पण उजवा खांदा आखडत गेला. हात खांद्याच्या वर जाईना. टपाचं काम आलं की लाकडी पेटीवर उभे राहायचे. पुढे तेही जमेना.

या वर्षी, लग्नसराईच्या तोंडावर, जानराव तीच गाडी घेऊन आले. गाडी वर्षानुवर्षं शेतात उन्हात उभी राहिलेली. लाल रंग उडून फिका, भुकट झाला होता. हात फिरवला की तळहाताला पीठ लागायचं.

"मिस्त्री, हिले आता पूर्णच नवा रंग मारा," जानराव म्हणाले. "आमच्या पोरीचं, सुचिताचं लग्न आहे. नवरी हिच्यातच मांडवात येईन. अन् गाडी पाहा, शिळ्या गाजरावानी झाली."

मिस्त्रींनी टपावर डावा हात ठेवला. बराच वेळ काढला नाही.

"रंग मेला नाही. वरून करपला फक्त."

"अहो, म्या तुमाले काम देऊन राह्यलो अन् तुमीच नाही म्हनता? असा मिस्त्री नाही पाह्यला बा."

"पॉलिश करून पाहतो. नाही निघाला तर मारतो नवा."

जानराव मान हलवत बसस्टँडकडे गेले. मिस्त्री नवा रंग का टाळतात ते मला कळत होतं. नवा रंग मारायचा तर जुना आधी घासून काढावा लागतो. कामराननं मारलेला रंग जगात त्या एका गाडीवर होता. बाकी त्याच्या हातचं काहीच शिल्लक नव्हतं.

मिस्त्रींनी आधी कापड घेतलं. एका दरवाज्याचा कोपरा घासला. खाली खरंच लाल निघाला, पण तेवढ्यात त्यांचा खांदा अडकला. त्यांनी हात खाली घेतला, झटकला, पुन्हा लावला. पुन्हा अडकला. मग मला म्हणाले, "दयाराम, ते खोकं काढ."

मी खोकं खाली घेतलं. पॅड कोरं, पांढरं होतं. कामराननं वायर नीट गुंडाळून दोरी बांधलेली. ती गाठ मिस्त्रींनी सोडली नाही. माझ्यापुढे धरली. मी सोडली.

"टेप लावता का?" मी विचारलं.

"बापाले शिकवतो का?" ते म्हणाले. बोलले मला, पण पाहत खोक्याकडे होते.

त्यांनी बॉनेटपासून सुरुवात केली. बटण दाबताच मशीननं हिसका दिला आणि ते एक पाऊल मागे गेले. मग पाय रोवले. मशीन गुरगुरत फिरलं, आणि पॅडखालून लाल उघडा होत गेला. ताजा, ओला वाटावा असा. एक पट्टा, त्याला लागून दुसरा. मी पाहतच राहिलो. मिस्त्रींचा चेहरा मोकळा झाला. इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता.

"निघाला बे!" ते ओरडले. "पाह्य, निघाला!"

मग ते बॉनेटच्या मधल्या रेषेवर आले. तिथं मळ जास्त बसलेला दिसत होता. त्यांनी तेच केलं जे आयुष्यभर करत आले. दाबलं. दोन्ही हातांनी, अंग टाकून. मी हात वर केला, पण मशीनच्या आवाजात माझं बोलणं कुठं पोचणार. करपल्याचा वास आला. त्यांनी मशीन उचललं.

रेषेवर बोटभर जागा करडी झाली होती. रंग जाऊन त्याखालचा प्रायमर उघडा पडला होता.

त्यांनी बटण बंद केलं. पॅड फिरत फिरत थांबलं. ते त्या डागावर अंगठा ठेवून उभे राहिले. अंगठ्याखाली डाग झाकला जात होता.

डागापुरता रंग मारून भागत नाही. जोड दिसतो. अख्खं बॉनेट घासून नव्यानं मारावं लागतं. हे आम्ही दोघंही जाणून होतो.

शेडच्या मागेच त्यांचं घर. मशीनचा आवाज ऐकून अजीजुन्निसाभाभी दारात आल्या होत्या. मुलगा गेल्यापासून त्यांनी शेडमध्ये पाय ठेवला नव्हता. त्या थेट गाडीजवळ आल्या. मिस्त्रींचा अंगठा त्यांनी बाजूला केला.

"कितना गया?"

"बॉनेट."

"बाकी का है ना?"

मिस्त्रींनी होकाराची मान हलवली.

"फिर दबाओ मत," भाभी म्हणाल्या. "उसने बोला था. मेरे सामने बोला था. दयारामभाई, टेप कुठं आहे?"

टेप मी लावली. सगळ्या कडा, सगळ्या रेषा, दरवाज्यांच्या मुठी. मिस्त्री खाली बसून होते. मग उठले आणि मशीन उचललं. या वेळी दाबलं नाही. नुसतं धरलं. मी हाताच्या कामातच जन्म घालवला, मला कळतं, न दाबता धरून ठेवणं त्या माणसाला किती जड गेलं असेल. त्यांच्या दंडाच्या शिरा ताठ होत्या आणि पॅड मात्र गाडीवर हलकं तरंगत होतं. टपासाठी मी एका बाजूनं वजन पेललं. दरवाजे निघाले, टप निघाला, डिकी निघाली. भाभी पायरीवर बसून होत्या, काम संपेपर्यंत उठल्या नाहीत.

बॉनेट मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी घासलं. पेपर पाण्यात बुडवून, हातानं, डाव्या हातानं. लाल पाणी बंपरवरून ओघळत नालीत जात होतं. मी घासू लागतो म्हणालो. "हे माझं आहे," म्हणाले.

जानराव गाडी न्यायला आले. चहूबाजूंनी फिरले.

"बॉनेट थोडं जास्त लाल दिसते बा, मिस्त्री."

"नवं मारलं आहे."

"मंग बाकीचं काऊन नाही मारलं? मी तर पूर्ण म्हनलो होतो."

मिस्त्री कापडानं बॉनेटची कड पुसू लागले. मीच म्हणालो, "बाकी कामराननं मारलेलं आहे."

जानरावांचा हात बॉनेटवरून निघून दरवाज्यावर गेला. "हाव," ते म्हणाले. "मले गाडी देतानी म्हने, काका, धूळ उडवू नका. शेतात राहतो म्या, धूळ नाही तर काय उडवू?" ते हसले, आणि हसताना थांबले. गाडी हळू काढली. रोडला लागेपर्यंत मिस्त्री पाहत होते.

कामानंतर पॅड लगेच धुवायचं असतं. नाही तर कंपाउंड वाळून लोकर दगडासारखी होते, मग ती कामाची राहत नाही. त्या गाडीवर साधा, वर पारदर्शक थर नसलेला रंग होता. असा रंग घासला की पॅडवर उतरतो. पॅड सगळं लाल झालं होतं. मिस्त्री आपली कापडं रोज संध्याकाळी धुऊन वाळत घालणारे. पॅड त्यांनी धुतलं नाही. मशीन पॅडसकट फळीवर ठेवलं, लाल बाजू वर.

पुढच्या आठवड्यात एक मास्तर पांढरी गाडी घेऊन आले. "मिस्त्री, मशीन आणलं म्हणे तुम्ही. मारा एक हात."

"मशीन खराब आहे," मिस्त्री म्हणाले.

मास्तर गाडी ठेवून गेल्यावर मी म्हणालो, "अकोल्याहून नवं पॅड आणतो. एका चकरेचं काम आहे."

"मंग हे काढावं लागन."

"काढू."

"नको."

ते कापडाची घडी करत होते. उजवा हात उचलून पाहिला, खाली घेतला, घडी डाव्या हातात घेतली. दरवाज्याच्या खालच्या भागापासून सुरुवात केली, तिथवर हात पोचत होता.

मी दुसरं कापड घेतलं आणि पेटीवर चढलो. गुडघे दुखले. टप मी घेतला.

"मनगटानं नको," खालून ते म्हणाले.