ओढ्यापलीकडची अकरा लेकरं

आमच्या आरोग्य केंद्रातले लस टोचणारे काका लेकराच्या दंडाकडे कमी आणि गावाकडे जास्त बघायचे. असा माणूस मी सगळ्या नोकरीत दुसरा पाहिला नाही. मी नर्स म्हणून शिरूर अनंतपाळच्या बाजूला रुजू झाले, तेव्हा लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. जुने फॉर्म संपले नव्हते. त्यांच्यावरचं आधीच्या जिल्ह्याचं नाव काका पट्टी धरून खोडायचे, तेही असं हळहळत, की घरातलं कुणी वारलंय असं वाटावं. उन्हात चालताना छत्री लशीच्या डब्यावर धरायचे आणि स्वतः भाजत यायचे. मी एकदा बोलले, तर म्हणाले, "माझं काय बाई, मी नासत न्हाई."

गावात गेल्यावर ते डबा उघडायचेच नाहीत. आधी मारुतीच्या पारावर चढून घरं न्याहाळायची, मग पाणी कुठल्या आडाचं, दळण कुठल्या गिरणीत, कुणाची लेकरं कुणाच्या अंगणात खेळतात, हे विचारत फिरायचं. एका म्हातारीने तर सोयरीक घेऊन आलेत असं समजून नातीला लुगडं नेसवून पुढ्यात आणून बसवलं होतं. काकांनी गंभीरपणे त्या नातीलाही विचारलं, तुमच्या घरी पाणी कुठलं?

जिल्ह्याचे नवे साहेब आले, ते आकड्यांचे. एका गावाचा कागद बघून त्यांनी विचारलं, टोचलेल्यांना गोवर नाही आणि न टोचलेल्या अकरांनाही नाही, मग लशीने केलं काय? काका म्हणाले, "साहेब, ती अकरा लेकरं टोचलेल्यांच्या मधी हायत. गोवराला तिथवर जायला वाटच न्हाई." ही अकरा ओढ्यापलीकडच्या वस्तीची. त्या महिन्यात लस कमी आली होती. गोवर येईल तो बसनेच, म्हणून काकांनी सगळी लस बस थांबते त्या मोठ्या गावाला दिली आणि वस्तीवरच्या, लेकरं घेऊन आलेल्या बायांना परत पाठवलं. घाई नाही, पुढच्या खेपेला बघू, म्हणाले. मीही तिथेच उभी होते. मलाही ते पटलं होतं.

पुढची खेप यायच्या आत आड आटले. अख्खी वस्ती बिऱ्हाड उचलून लांबच्या पाझर तलावाच्या कामावर गेली. तिथे चहूकडची माणसं पालं ठोकून होती आणि सगळ्यांची लेकरं एकाच बाभळीखाली. गोवर आला. टोचलेली लेकरं वाचली. आमच्या अकरांतली तीन गेली.

निरोप कळला तसे काका आणि मी निघालो. राहिलेल्या सगळ्यांना टोचून झाल्यावर काका गेलेल्या तिघांपैकी एकाच्या आईपाशी गेले. ती खडी फोडत होती. तिने मान वर केली नाही. "तुमी म्हनला होता, घाई न्हाई." आवाजात राग नव्हता. काका म्हणाले, "हाव. मीच म्हनलो होतो," आणि तिथेच मातीत बसले.

अहवाल वाचून साहेब म्हणाले, आता कसा फरक स्वच्छ दिसतो. ते वाईट माणूस नव्हते, कामाचंच बोलत होते. काका म्हणाले, "फरक गावातबी होता, साहेब. तिथं दिसत नव्हता, कारण लेकरं जित्ती होती."

त्यानंतर त्यांचा एक प्रश्न वाढला. उन्हाळ्यात कुठं जाणार, हे ते प्रत्येक घरी विचारायचे आणि जाणाऱ्यांची लेकरं पहिली टोचायचे. पारावर मात्र पुन्हा चढले नाहीत.

दोनेक वर्षांनी तीच बाई केंद्रात आली. कडेवर नऊ महिन्यांची मुलगी. तिने मुलीचा दंड उघडा करून काकांपुढे धरला. काकांनी सुई भरली आणि माझ्याकडे दिली. "बाई, तुमी टोचा."

मी टोचलं. मुलगी किंचाळून रडली. काकांनी तिचं इवलंसं पाऊल मुठीत धरून ठेवलं होतं. ते सोडा, असं त्यांना आम्ही दोघीही म्हणालो नाही.