बांधावरचं मीठ

आमचे हे खाणशास्त्र शिकलेले. खाणीतून निघालेला माल धुऊन, गाळून त्यातला कामाचा भाग वेगळा कसा काढायचा, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. आणि लग्न करून मला आणलं कुठे, तर रेवसच्या खाडीकाठच्या एका मिठागरात! दुसरं महायुद्ध संपून दहाएक वर्षं झाली असतील. माहेरी सगळ्यांची समजूत, जावई सोन्याच्या खाणीवर आहेत. मी ती समजूत बरेच दिवस खोडली नाही.

मिठागराचे मालक मुंबईचे एक शेठ. या आगराची माती काळी, म्हणून मीठ मळकं निघायचं आणि बाजारात मागे पडायचं. शेठनी यांना एका हंगामासाठी बोलावलं होतं. मीठ स्वच्छ करून दाखवा, नाहीतर पावसाळ्यानंतर आगर बंद, असं साफ सांगितलं होतं. आगर बंद झालं तर ते पिकवणारं आगरी जोडपं मुंबईला गिरणीत काम शोधायला जाणार होतं. त्यांचं झोपडं आमच्या खोलीला लागूनच. बायको माझ्याच वयाची. गोडं पाणी लांबून आणावं लागे, तर ती माझीही कळशी स्वतःच्या हंड्यावर चढवून आणायची आणि वर मलाच दटावायची, "वयनी, तुमी पडाल बांधावरशी, तुमी घरान बसा." त्या ओसाड खाडीवर मला दुसरं माणूस नव्हतं. ती गेली असती तर मी वेडी झाले असते, हे मी आजही सांगते.

यांची युक्ती सोपी होती. गोड्या पाण्यात धुतलं तर मीठच विरघळेल. म्हणून आणखी मीठ विरघळणारच नाही इतकं दाट खारं पाणी घ्यायचं आणि मिठाची टोपली त्यात खळाखळा हलवून वर काढायची. माती पाण्यात जाते, मीठ टोपलीत राहतं. पहिल्या दिवशी यांनी स्वतः धुऊन पाहिलं तेव्हा मीठ चांगलं निघालं. मग काम त्या जोडप्यावर सोपवून हे खोलीत बसले, कारण यांचा नाजूक तराजू वाऱ्यात चालत नसे. मिठाच्या वाफ्यावरून बाटल्या भरून यायच्या, न धुतलेल्या मिठाच्या आणि धुतलेल्या मिठाच्या. हे मीठ विरघळवून कागदातून गाळायचे आणि कागदावर राहिलेली माती तोलायचे.

आणि विपरीतच घडायला लागलं. धुतलेल्या मिठात माती जास्त! रोज तेच. यांनी पाणी बदललं, टोपल्या बदलल्या, शेवटी माझं पुरणाचं यंत्र नेऊन त्याची चाळणी लावून पाहिली. ते यंत्र पुन्हा पुरणाच्या कामाचं राहिलं नाही, ते वेगळंच. हंगाम सरत आला. यांचं जेवणात लक्ष नाही, आणि मी काही बोलले की अंगावर येत. मीही गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. शेजारी तिने भांडी बांधायला काढली, तेव्हा मात्र मी भांडण तिथेच टाकून तिच्या दारात जाऊन बसले.

एका दुपारी हे जेवायला बसले होते. आमटी अळणी झाली होती, माझंच लक्ष ठिकाणावर नव्हतं. यांनी भिंतीकडे बघतच हात पुढे केला, "मीठ दे."

मी मिठाची वाटी पानाशेजारी ठेवली.

"अगं, हातात दे की."

"मीठ हातात देत नाहीत. भांडण होतं. आपल्यात आधीच काय कमी आहे?"

यांचा हात तसाच राहिला. माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता खरंच भांडण होणार. आणि एकदम उठलेच, उष्ट्या हाताने, वाफ्याच्या दिशेने. मी मागोमाग, उन्हात अनवाणी.

वाफ्यात तो नवरा उभा होता. त्याने धुतलेल्या मिठाची टोपली वर काढली, मूठभर मीठ घेतलं आणि ते ओल्या बांधावर ठेवलं. बांधावर बाटली घेऊन बसलेल्या तिने तिथून ते उचललं आणि बाटलीत भरलं. न धुतलेलं मीठ कोरडं, त्याला बांधाची माती फारशी लागायची नाही. धुतलेलं ओलं, ते मातीत लोळूनच बाटलीत जायचं.

"हातात का देत नाही तिच्या?" यांनी विचारलं.

उत्तर तिनेच दिलं, "मीठ हातान कसा देवाचा? नवरा-बायकोचा भांडान होल ना!"

हे बांधावर मटकन बसले आणि हसत सुटले. अख्ख्या हंगामात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. ते दोघे घाबरून माझ्याकडे बघत होते, आणि मला हसू का रडू ते कळेना.

मग माझी चिनी मातीची बशी बांधावर गेली. त्याने बशीत ठेवायचं, तिने बशीतून उचलायचं. रीतही राहिली आणि मीठही. दुसऱ्या दिवशी धुतलेल्या मिठाचा कागद यांनी उजेडात धरला, तो जवळजवळ कोरा होता. मला इतकं हायसं वाटलं की मी दारातच बसकण मारली.

शेठ खाडीतून मचव्याने आले. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले, मीठ जिभेवर ठेवलं, आणि म्हणाले, "आगर चालू ठेवा. माणसं पण हीच ठेवा."

संध्याकाळी ती आली. बांधलेली भांडी पुन्हा सोडून घासायला घेतल्याचं तिच्या राखेने माखलेल्या हातांवरून दिसत होतं. पदरात धुतलेलं पांढरं मीठ होतं. मी वाटी आणायला वळले, तर तिने माझा हात धरला, उलगडला आणि मूठभर मीठ थेट तळव्यावर ठेवलं.

"अगं, भांडण होईल ना!"

"होऊं दे," ती म्हणाली. "भांडाला आता मी हितंच हाय."

आठ दिवसांत तिची कोंबडी माझ्या पापडांवर चढली, आणि आम्ही दोघी कडाकडा भांडलो.