सबटायटल्स झाकून पाहिलेला सिनेमा

इंग्लंडातल्या आमच्या कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळात शशिधर वैशंपायनांइतका हुशार आणि त्यांच्याइतकं डोकं उठवणारा माणूस दुसरा नव्हता. हॉस्पिटलात सर्जिकल रजिस्ट्रार, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालचे सर्जन, माझ्या नवऱ्याचे, जयंतचे, जिवलग मित्र, म्हणून माझे शशीभाऊजी. सिनेमाचं वेड इतकं की त्यांच्याकडे जेवायला गेलं की हात धुवायच्या आत व्हिडिओ सुरू. सिनेमा परभाषेतला असला की खालची सबटायटल्स ते मराठीत मोठ्याने वाचून दाखवायचे. आम्हाला काय इंग्लिश वाचता येत नव्हतं? पण त्यांना सांगणार कोण!

पंच्याऐंशी साली, संक्रांतीनंतरच्या शनिवारी, उल्काने, म्हणजे त्यांच्या बायकोने, हळदीकुंकू केलं. आमच्या हातात अजून तिळाच्या वड्या होत्या, तोवर भाऊजींनी टीव्हीवरून टेप केलेला पूर्व युरोपातला कुठलासा ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा लावलाच. एका नवराबायकोचा एक हिवाळा, पण मागचं सगळं पुढे आणि पुढचं मागे. शेवटी टेबलापाशी नवरा एकटा. बायकोचं काय झालं ते सांगतच नाहीत. माझं तर डोकं दुखायला लागलं.

भाऊजी मात्र खूश. त्यांनी तो आधीच पाहून प्रसंगांचा क्रम लावून ठेवला होता. "सिंपल आहे. ती त्याला सोडून पळून गेली."

"नाही," उल्का म्हणाली. "ती मेली. पहिल्यापासून आजारी होती ती."

"अगं, तो तिला सारखा विचारतो, बरं नाही का म्हणून. ती काय म्हणते? 'काही नाही, दमलेय.' खाली स्वच्छ लिहून येतं!"

"खोटं बोलते ती. तिच्याकडे बघा ना जरा."

"उल्का, watch it again, मग बोल."

सगळे हसले. उल्काही हसली आणि रिकामं ताट घेऊन आत गेली.

त्या वर्षी भाऊजींची एफआरसीएसची, म्हणजे सर्जनच्या मोठ्या परीक्षेची, फायनल होती, तिसरा अटेम्प्ट. ती अक्षरं नावापुढे लागली नाहीत तर आपल्या माणसांना इथे कोणाला नको असलेल्या पोस्टवर जन्म काढावा लागे. म्हणून आमच्या घरांतून परीक्षेचं सोवळं पाळलं जायचं. टीव्ही बंद, मुलांनी हळू बोलायचं, भारतातून आलेली वाईट बातमीसुद्धा रिझल्ट लागल्यावर सांगायची. भांडणं, पाहुणे, दुखणी, सगळं नंतर. असं कोणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्याजणी पाळत होतो. आता आठवलं की संताप येतो नुसता.

नोव्हेंबरात भाऊजी पास झाले. पेढे झाले, पार्टी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी उल्काने त्यांना छातीतली गाठ दाखवली. कन्सल्टंटने विचारलं, कधीपासून आहे? "जानेवारीपासून, संक्रांतीच्या आधीच लागली होती हाताला," ती म्हणाली. शेजारी नवे कोरे एफआरसीएस उभे होते. तोवर दुखणं हाडांपर्यंत पोचलं होतं. सत्याऐंशीच्या मार्चात ती गेली. जिवाभावाची मैत्रीण माझी, पण मलाही कधी बोलली नाही.

त्यानंतर भाऊजींनी त्या सिनेमाचा ध्यासच घेतला. कामावरून आले की तीच टेप. जयंतने समजावून पाहिलं, मी भांडून पाहिलं. मंडळातले लोक म्हणायला लागले, डोक्यावर परिणाम झालाय.

एक्याण्णव साली एका रविवारी दुपारी मी डबा घेऊन गेले, तर टीव्हीच्या खालच्या भागावर भांडी पुसायचा टी-टॉवेल. हॉस्पिटलातल्या चिकटपट्टीने चिकटवलेला.

"हे काय आता?"

"सबटायटल्स दिसू नयेत म्हणून. बसा ना वहिनी, थोडं बघा."

मी धुसफुसतच बसले. या वेळी वाचून दाखवणारं कोणी नव्हतं. भाषा कळत नव्हती, त्यामुळे नजर त्या बाईवरून हलेना. ती बटाटे सोलत असायची, आणि नवरा जरा वळला की तिचा हात काखेखाली जायचा. पुढच्या प्रसंगात तेच. त्याच्या पुढच्याही.

"दिसलं?" भाऊजी म्हणाले. "पहिल्यांदा मला हे कोडं वाटलं. सोडवलं आणि खूश झालो. उल्का गेल्यावर पुन्हा बघायला लागलो, तेव्हा या बाईचा राग यायचा. का नाही सांगितलं, तोंड होतं ना तुला? मग गेल्या आठवड्यात टॉवेल लावला. वहिनी, ती सबंध सिनेमाभर सांगतेच आहे. मी सर्जन, आणि मी अक्षरं वाचत बसलो."

"म्हणजे उल्काचं बरोबर होतं."

"बरोबर?" ते म्हणाले. "हळदीकुंकवाच्या आधीच तिला गाठ लागली होती. ती सिनेमाबद्दल बोलत नव्हती हो, वहिनी. मला सांगत होती. 'तिच्याकडे बघा ना' म्हणाली. आणि मी तिला सगळ्यांसमोर गप्प केलं."

एरवी मी कोणाचं ऐकून घेणारी नव्हे. त्या दिवशी डबा तसाच मांडीवर घेऊन पुन्हा पडद्याकडे वळले.

पडद्यावर नवऱ्याने बायकोला काहीतरी विचारलं. तिने मान हलवली. तो निघून गेला. भाऊजींनी टेप मागे नेली आणि तेवढंच पुन्हा लावलं. मग पुन्हा.

"पुरे करा भाऊजी," मी म्हटलं आणि रिमोट घ्यायला हात पुढे केला.

"एकदाच," ते म्हणाले. "तो दर वेळी कोट चढवता चढवता विचारतो. आणि मला दर वेळी वाटतं, आता तो कोट काढून ठेवेल आणि तिच्याजवळ बसेल."